कॉन्टेक्स्टवर चालणारे कंपोनंट युनिट टेस्ट करताना: हुक मॉक करावा की खरा प्रोव्हायडर द्यावा?

कंसातला (धागाकर्ता)

फक्त प्रॉप्सवर (बाहेरून दिलेल्या माहितीवर) चालणारा रिअ‍ॅक्ट कंपोनंट (या वेब लायब्ररीत लिहिलेला पडद्याचा एक तुकडा) टेस्ट करायला सोपा. प्रॉप्स द्यायचे, पडद्यावर काय आलं ते बघायचं. कंपोनंट प्रॉप्सच्या बाहेरून काही उचलायला लागला की पंचाईत होते. लॉगिन केलेला सदस्य कोण, थीम कोणती, भाषा कोणती, राउटर कुठल्या पत्त्यावर आहे, हे सगळं वरच्या कुठल्या तरी प्रोव्हायडरकडून, म्हणजे आतल्या सगळ्या कंपोनंटना माहिती पुरवणाऱ्या कंपोनंटकडून, येतं; अशा सामायिक माहितीला कॉन्टेक्स्ट म्हणतात. टेस्टमध्ये कंपोनंट एकटा उभा केला की ते प्रोव्हायडर तिथे नसतात.

चर्चेला एकच उदाहरण धरू. प्रतिक्रियेच्या खाली "काढून टाका" हे बटण आहे. प्रतिक्रिया ज्याची त्याला आणि संपादकाला ते दिसतं, बाकी कुणाला नाही. प्रतिक्रिया प्रॉप्समधून येते, सदस्य मात्र सेशन कॉन्टेक्स्टमधून, यूजसेशन नावाच्या आपल्याच हुकमार्फत (हुक म्हणजे कंपोनंटने अशी माहिती घ्यायला वापरायचं फंक्शन).

यात सहसा दोन रस्ते दिसतात. एक, जेस्टच्या (टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या) मॉकने, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटं फंक्शन ठेवून, यूजसेशन बदलून टाकायचा आणि हवा तो सदस्य परत करायला लावायचा. दुसरा, टेस्टिंग लायब्ररीच्या रेंडरला (कंपोनंट टेस्टमध्ये उभा करणाऱ्या फंक्शनला) रॅपर, म्हणजे भोवतीचं वेष्टण, द्यायचा आणि त्यात खऱ्या सेशन कॉन्टेक्स्टचा प्रोव्हायडर ठेवून त्याला ठरावीक व्हॅल्यू द्यायची.

माझं मत स्पष्ट आहे: कॉन्टेक्स्ट खरा वापरावा, व्हॅल्यू टेस्टने ठरवावी, आणि प्रत्येक टेस्टला ती कोरी मिळावी. हुक मॉक केला की कंपोनंट आणि प्रोव्हायडर यांच्यातला सांधा टेस्टमधून निघून जातो, आणि मोडतो तो बहुतेक वेळा सांधाच. पण दुसऱ्या रस्त्यालाही खाचखळगे आहेत, ते एका जागी यावेत म्हणून हा धागा.

उभी_रेघ

सहमत. हुक मॉक करताना नक्की काय फसतं ते नेमकं लिहितो, म्हणजे "मॉक वाईट" एवढंच कानावर राहणार नाही.

जेस्टचा मॉक फाइलला लागतो, नावाला लागत नाही. यूजसेशन सेशन फोल्डरच्या इंडेक्स फाइलमधून पुन्हा एक्स्पोर्ट होतो आणि तुम्ही इंडेक्स मॉक केलीत, पण कंपोनंट थेट मूळ फाइलमधून इंपोर्ट करत असेल, तर त्याला खराच हुक मिळतो. आज कंपोनंट इंडेक्समधून इंपोर्ट करतो म्हणून टेस्ट हिरवी (पास) असते. उद्या कुणी इंपोर्टची ओळ नीटनेटकी केली की ती लाल (नापास) होते, वागण्यात तसूभर फरक पडलेला नसताना.

दुसरं, अर्धवट मॉक. रिक्वायर-अ‍ॅक्च्युअल वापरून बाकी सगळं खरं ठेवलं आणि फक्त यूजसेशन बदलला. त्याच फाइलमध्ये "संपादन करू शकतो का" हे सांगणारा दुसरा हुक आहे आणि तो आतून यूजसेशनला हाक मारतो. ती हाक फाइलच्या आतली, मॉकला ती दिसतच नाही. कंपोनंटमधला एक हुक खोटा सदस्य सांगतो, दुसरा रिकामा सांगतो, आणि पडद्यावर जे येतं ते प्रत्यक्ष अ‍ॅपमध्ये कधीच घडणार नाही.

तिसरं, उरलेला मॉक. क्लिअर-ऑल-मॉक्स फक्त हाकांची नोंद पुसतं, ठरवून दिलेली रिटर्न व्हॅल्यू तशीच राहते. पहिल्या टेस्टमध्ये संपादक ठेवला, दुसरीत काहीच ठेवलं नाही, तर दुसरीतही संपादकच. टेस्टचा क्रम बदलला की निकाल बदलतो.

स्वल्पविराम

यात एक भर. जेस्टचा मॉक फाइलच्या डोक्यावर उचलला जातो, इंपोर्टच्याही आधी. म्हणून मॉकच्या आत बाहेरचं व्हेरिएबल वापरायचं तर त्याचं नाव "मॉक" या शब्दाने सुरू व्हावं लागतं. व्हायटेस्टमध्येही (जेस्टसारखंच दुसरं साधन) उचल तशीच, तिथे व्हीआय-हॉइस्टेड वापरावं लागतं. रॅपर दिला तर या भानगडीत पडावंच लागत नाही.

दीड_ओळ

प्रश्न: क्रिएट-कॉन्टेक्स्टला चांगली डिफॉल्ट व्हॅल्यू दिली तर रॅपरची तरी गरज काय? पाहुणा सदस्य, रिकामी साइन-आउट फंक्शन. टेस्टमध्ये प्रोव्हायडर नसला तरी कंपोनंट चालतो.

कंसातला

चालतो, हाच धोका आहे. डिफॉल्ट व्हॅल्यू फक्त वर एकही प्रोव्हायडर नसताना मिळते. प्रत्यक्ष अ‍ॅपमध्ये प्रोव्हायडर असतोच, म्हणजे डिफॉल्टवर चालणारी टेस्ट अशी स्थिती तपासते जी वापरणाऱ्याच्या वाट्याला कधी येत नाही. वर रिकामं फंक्शन असेल तर "साइन आउट" दाबल्यावर काहीच होत नाही आणि कुणी ओरडतही नाही. उद्या खऱ्या अ‍ॅपमध्ये कुणी तो कंपोनंट प्रोव्हायडरच्या बाहेर ठेवला, तरी तो तसाच गप्प बसेल.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: प्रोव्हायडर आहे पण त्याला व्हॅल्यू म्हणून अनडिफाइंड गेलं, तर डिफॉल्ट मिळत नाही, अनडिफाइंडच मिळतं. रॅपरमध्ये प्रॉपचं नाव चुकलं की नेमकं हेच होतं.

म्हणून डिफॉल्ट नल ठेवा, आणि यूजसेशनच्या आत व्हॅल्यू नल किंवा अनडिफाइंड असेल तर एरर फेका: "यूजसेशन हा सेशन प्रोव्हायडरच्या आतच वापरा". हुकच्या नावासकट एरर आली की प्रोव्हायडर विसरलेली टेस्ट पहिल्याच ओळीत पडते. "अनडिफाइंडचं नेम वाचता येत नाही" असा संदेश कुठून आला हे शोधत बसावं लागत नाही.

टाइपस्क्रिप्टवाल्यांना (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट वापरणाऱ्यांना) याचा जास्तीचा फायदा: हुकच्या बाहेर येणारा टाइप नलविरहित होतो, त्यामुळे कंपोनंटमध्ये प्रश्नचिन्हं पेरावी लागत नाहीत.

तळटीप

या एरर फेकणाऱ्या फांदीचीही टेस्ट लिहा, एकच पुरे. रेंडरची हाक फंक्शनमध्ये गुंडाळून एक्स्पेक्टला द्या आणि टू-थ्रो लावा. रिअ‍ॅक्ट १९ च्या आधीच्या आवृत्त्यांत अशी एरर कन्सोलवरही छापतो, त्यामुळे निकालात लांबलचक लाल मजकूर येतो आणि टेस्ट पास होऊनही बघणारा दचकतो. कन्सोल-एररवर स्पाय (हाका टिपणारं खोटं फंक्शन) बसवून तो गप्प करा, पण फक्त त्या टेस्टपुरता, आणि शेवटी रिस्टोअर करा. सेटअप फाइलमध्ये सगळ्यांसाठी गप्प केलात तर अ‍ॅक्टचे इशारेही (टेस्टच्या नकळत स्टेट बदलला हे सांगणारे) गिळले जातील, आणि ते हवेच असतात.

आडवा_छेद

रॅपर कसा लिहावा यावर लिहितो, कारण एकदा नीट लिहिला की पुढच्या शेकडो टेस्ट सुटसुटीत होतात.

टेस्ट-यूटिल्स नावाची एक फाइल करा. तिच्यात टेस्टिंग लायब्ररीचं सगळं पुन्हा एक्स्पोर्ट करा आणि रेंडर तेवढा आपला द्या. आपला रेंडर दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये नेहमीच्या पर्यायांसोबत सदस्य, थीम, सुरुवातीचा पत्ता असे पर्याय घेतो. आत प्रोव्हायडर एकात एक रचायचे, आणि क्रम अ‍ॅपच्या मूळ फाइलमधलाच ठेवायचा. सेशन प्रोव्हायडर राउटरच्या आत असतो कारण तो लॉगिन पानाकडे पाठवतो. टेस्टमध्ये क्रम उलटा केला तर राउटरबाहेर यूज-नॅव्हिगेट वापरल्याची एरर येते आणि दोष कंपोनंटचा वाटतो.

व्हॅल्यूसाठी एक छोटं फंक्शन ठेवा, "सेशन बनवा" अशा अर्थाचं. ते पूर्ण, टाइपमध्ये बसणारी व्हॅल्यू परत करतं आणि आर्ग्युमेंटमधून आलेले बदल वर चढवतं. म्हणजे टेस्टमध्ये फक्त महत्त्वाचं तेवढंच दिसतं: भूमिका संपादक. बाकीचं नाव, आयडी, साइन-आउट हे सगळं त्या फंक्शनमध्ये. अर्धवट ऑब्जेक्ट देऊन "अ‍ॅज" लावून टाइपस्क्रिप्टला गप्प करू नका. कॉन्टेक्स्टमध्ये उद्या नवीन फील्ड आली की टाइपस्क्रिप्ट जिथे बोट दाखवणार, नेमकी तीच जागा तुम्ही झाकून ठेवलेली असते.

मॉक फंक्शन या बनवणाऱ्या फंक्शनच्या आतच तयार व्हावीत. फाइलच्या वर एकदाच केली तर एका टेस्टमधल्या हाका दुसरीत मोजल्या जातात.

कोरा_कागद

"काढून टाका" बटणाच्या टेस्ट नेमक्या किती आणि कशा? शिकणाऱ्यांसाठी कुणी पूर्ण मांडाल का?

कंसातला

मांडतो. चार पुरेत.

प्रतिक्रियेचा लेखक आयडी ७, सेशनमधला सदस्यही ७: बटण दिसायला हवं. इथे गेट-बाय-रोल, रोल बटण, नाव "काढून टाका". सदस्य ९, भूमिका संपादक: दिसायला हवं. सदस्य ९, भूमिका साधी: दिसायला नको. सदस्यच नाही, म्हणजे पाहुणा: दिसायला नको.

शेवटच्या दोन टेस्टमध्ये खरी मेख आहे. "नाही" तपासायला क्वेरी-बाय-रोल वापरावा लागतो, कारण गेट-बाय सापडलं नाही की स्वतःच एरर फेकतो. पण क्वेरी-बायने "नाही" म्हणणारी टेस्ट कंपोनंट अजिबात रेंडर झाला नाही तरी हिरवीच राहते! प्रोव्हायडर "लोड होत आहे" दाखवत असेल, तर बटण नाहीच; टेस्ट पास. म्हणून आधी काहीतरी आहे हे पक्कं करा: प्रतिक्रियेचा मजकूर फाइंड-बाय-टेक्स्टने सापडू द्या, मग बटण नाही असं म्हणा. या एका ओळीने नकारार्थी टेस्टला अर्थ येतो. आणि टेस्ट लिहून झाली की कंपोनंटमधली अट क्षणभर काढून बघा. टेस्ट लाल झाली नाही तर ती काहीच तपासत नव्हती.

दीड_ओळ

पटलं. आता पुढचा प्रश्न. टेस्टच्या मध्येच सदस्य बदलायचा असेल तर? म्हणजे बटण दिसत होतं, मग सेशन संपलं, आता बटण जायला हवं. रीरेंडर केलं तरी रॅपरमधली व्हॅल्यू जुनीच राहते.

आडवा_छेद

राहणारच. रेंडरला दिलेला रॅपर रीरेंडरमध्ये तसाच वापरला जातो, तो बदलता येत नाही. अशा टेस्टला रॅपर वापरू नका. प्रोव्हायडर थेट जेएसएक्समध्ये (कंपोनंट टॅगसारखे लिहायच्या पद्धतीत) लिहा: बाहेर प्रोव्हायडर, आत कंपोनंट. रीरेंडरला तीच रचना द्या, फक्त व्हॅल्यू नवी. झाडात त्याच जागी तोच प्रोव्हायडर असल्यामुळे रिअ‍ॅक्ट कंपोनंट जिवंत ठेवतो आणि फक्त नवी व्हॅल्यू खाली जाते.

इथे एक चूक सर्रास होते. नवी व्हॅल्यू बांधलेलं नवं रॅपर फंक्शन तयार करतात आणि त्यात कंपोनंट घालून रीरेंडर करतात. फंक्शन नवं म्हणजे रिअ‍ॅक्टच्या लेखी कंपोनंटचा प्रकारच नवा. तो जुनं सगळं उतरवतो आणि नव्याने चढवतो. आतला स्टेट गेला, इफेक्ट पुन्हा चालले. "सेशन संपल्यावर अर्धवट लिहिलेला मजकूर टिकतो का" अशी टेस्ट असेल तर तिचा निकाल सरळ चुकीचा येतो.

रेंडर-हुक वापरणाऱ्यांसाठी याच जातीची गोष्ट: इनिशियल-प्रॉप्स हुककडे जातात, रॅपरकडे जात नाहीत. जुन्या वेगळ्या रिअ‍ॅक्ट-हुक्स लायब्ररीत ते रॅपरलाही मिळत, त्यामुळे तिकडून आलेल्या टेस्ट इथे गुपचूप बिघडतात. रॅपर बनवून देणारं फंक्शन लिहा आणि व्हॅल्यू त्याला द्या.

उभी_रेघ

सर्व्हर डेटाच्या कॅशबद्दल बोलायला हवं, तिथे सगळ्यात जास्त वेळ जातो. टॅनस्टॅक क्वेरी या डेटा आणून कॅशमध्ये ठेवणाऱ्या लायब्ररीचं उदाहरण घेतो.

क्वेरी क्लायंट फाइलच्या वरच्या पातळीवर एकदाच तयार केला, तर पहिल्या टेस्टने आणलेला डेटा दुसरीला कॅशमधून मिळतो. दुसरीत सर्व्हरने चूक द्यावी अशी तयारी केली आहे, पण पडद्यावर पहिलीचा डेटा झळकतो. ती टेस्ट एकटी चालवली की नीट चालते. "एकटी चालते, सगळ्यांबरोबर फुटते" हे लक्षण दिसलं की आधी सामायिक क्लायंट शोधा. आपल्या रेंडर फंक्शनच्या आत दर हाकेला नवा क्लायंट करा. मात्र रॅपर कंपोनंटच्या शरीरात नको, नाहीतर दर रेंडरला नवा क्लायंट होईल आणि विनंत्या पुन्हा पुन्हा जातील.

आता चुकीच्या स्थितीची टेस्ट. क्वेरी फसली तर लायब्ररी मुळात ३ वेळा पुन्हा प्रयत्न करते, मधली थांबण्याची वेळ १, २ आणि ४ सेकंद. म्हणजे चुकीचा संदेश पडद्यावर यायला किमान ७ सेकंद. फाइंड-बाय १००० मिलिसेकंदांत हार मानतो आणि जेस्टची एका टेस्टची मर्यादा ५ सेकंद. टेस्ट पडणारच. मर्यादा वाढवणं हा उपाय नव्हे. टेस्टच्या क्लायंटला डिफॉल्ट ऑप्शनमध्ये रीट्राय फॉल्स द्या. एवढं करूनही थांबत असेल तर कंपोनंटमधल्या क्वेरीवरच रीट्राय लिहिलेला आहे का बघा. तिथला आकडा डिफॉल्टला मागे टाकतो. असे आकडे क्लायंटच्या डिफॉल्टमध्ये हलवले की टेस्टला बदलता येतात.

टेस्ट संपूनही जेस्ट बाहेर पडत नाही असा इशारा आला तर जीसी-टाइम, म्हणजे न वापरलेला डेटा कॅशमध्ये ठेवण्याची मुदत, बघा. तो मुळात ५ मिनिटं असतो, तेवढा टायमर लटकत राहू शकतो. टेस्टच्या क्लायंटमध्ये इन्फिनिटी ठेवा. आवृत्ती ५ च्या आधी याच पर्यायाचं नाव कॅश-टाइम होतं.

तळटीप

राउटरसाठी मेमरी राउटर आणि इनिशियल-एंट्रीज. पण नुसता मेमरी राउटर देऊन कंपोनंट आत ठेवला तर यूज-पॅरम्स रिकामा येतो, पत्ता बरोबर असला तरी. पॅरम्स पत्त्यावरून आपोआप निघत नाहीत, ते राउटच्या नमुन्याशी जुळवून निघतात. म्हणून राउट्स आणि राउट लिहून कंपोनंट एलिमेंट म्हणून द्या. आणि ज्या कंपोनंटच्या पोटात स्वतःचा राउटर आहे तो मेमरी राउटरमध्ये घालू नका, राउटरच्या आत राउटर चालत नाही.

थीमचं: स्टाइल्ड कंपोनंट्समध्ये (स्टाइल लिहायच्या लायब्ररीत) थीम प्रोव्हायडर नसेल तर थीम रिकामा ऑब्जेक्ट असतो. थीमच्या आतल्या रंगांच्या आतला मुख्य रंग वाचायला गेलं की फुटतं. खरी थीम द्या, ती साधा ऑब्जेक्टच आहे, बनावट करण्यासारखं त्यात काही नाही.

गडद-फिकट थीम प्रोव्हायडर सिस्टिमची पसंती वाचत असेल तर जेएसडॉममध्ये (टेस्टसाठीच्या बनावट ब्राउझरमध्ये) मॅच-मीडिया नाही हे ध्यानात ठेवा. सेटअप फाइलमध्ये ते फंक्शन स्वतः बसवावं लागतं, अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर आणि रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर असलेलं. आणि प्रोव्हायडर निवड लोकल स्टोरेजमध्ये ठेवत असेल तर दर टेस्टनंतर ते रिकामं करा. जेस्ट प्रत्येक फाइलला नवा जेएसडॉम देतो, पण एका फाइलमधल्या सगळ्या टेस्ट एकाच जेएसडॉममध्ये राहतात.

कोरा_कागद

व्हायटेस्टमध्ये दुसऱ्या टेस्टपासून "याच रोलचे अनेक एलिमेंट सापडले" असं येतं. पहिली टेस्ट मात्र नीट जाते. हेही कॅशमुळेच का?

स्वल्पविराम

नाही, हे साफसफाईचं आहे. टेस्टिंग लायब्ररी ग्लोबल आफ्टर-ईच सापडला तरच आपणहून क्लीनअप करते. व्हायटेस्टमध्ये ग्लोबल्स मुळात बंद असतात, म्हणून पहिल्या टेस्टचा कंपोनंट डॉममध्येच राहतो. सेटअप फाइलमध्ये आफ्टर-ईच इंपोर्ट करून त्यात क्लीनअपला हाक मारा. दोन ओळींचं काम.

दीर्घ_ऊकार

धागाकर्त्याशी थोडा मतभेद. खरा प्रोव्हायडर म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण प्रोव्हायडर का? सेशन प्रोव्हायडर चढला की टोकन तपासतो, सर्व्हरला विचारतो, दर काही मिनिटांनी टोकन नवं करतो. एका बटणाच्या टेस्टमध्ये हे सगळं ओढून आणलं तर ती युनिट टेस्ट राहतच नाही. नकाशा किंवा पेमेंटची बाहेरची स्क्रिप्ट लोड करणारा प्रोव्हायडर असेल तर विचारूच नका. अशा ठिकाणी मॉक योग्यच आहे.

कंसातला

मुद्दा रास्त आहे आणि मी तो नीट वेगळा करायला हवा होता. दोन गोष्टी आहेत: कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट, आणि त्याच्याभोवतीचा काम करणारा प्रोव्हायडर कंपोनंट. बटणाच्या टेस्टला मी फक्त पहिली वापरतो. कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट करा आणि टेस्टमध्ये त्याचाच प्रोव्हायडर तयार व्हॅल्यूसकट द्या. टोकन, टायमर, नेटवर्क काहीच येत नाही, पण यूजसेशन मात्र खरा चालतो. पुष्कळ जण कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट फाइलमध्येच दडवून ठेवतात आणि फक्त प्रोव्हायडर कंपोनंट आणि हुक बाहेर देतात. मग टेस्ट लिहिणाऱ्यापुढे मॉकशिवाय दुसरा रस्ता उरत नाही.

रिअ‍ॅक्ट १९ पासून कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्टच थेट टॅग म्हणून लिहिता येतो, डॉट प्रोव्हायडर लावायची गरज नाही. टेस्टमध्ये तेवढीच एक पातळी कमी दिसते.

काम करणाऱ्या प्रोव्हायडरची टेस्ट वेगळ्या फाइलमध्ये. त्याच्या आत एक लहानसा कंपोनंट ठेवा, जो यूजसेशनमधून नाव छापतो आणि एक साइन-आउट बटण देतो. मग बाहेरून वागणं बघा: आधी "तपासत आहे", मग नाव, बटण दाबल्यावर "पाहुणा". नेटवर्क एमएसडब्ल्यूने (विनंत्या अडवून खोटी उत्तरं देणाऱ्या लायब्ररीने) अडवा आणि अनहँडल्ड रिक्वेस्टचं धोरण एरर ठेवा. मुळात ते नुसता इशारा देतं आणि विनंती पुढे जाऊ देतं.

बाहेरच्या स्क्रिप्टबद्दल तुमचं मान्य. पण मॉक त्या स्क्रिप्टभोवतीच्या आपल्या पातळ मॉड्यूलवर लावा, कंपोनंट वापरतो त्या हुकवर नको.

दीर्घ_ऊकार

हे विभाजन पटलं. प्रोव्हायडरच्या टेस्टमध्ये टोकन नवं करण्याचा टायमर येतोच, म्हणून एक सूचना: खोटे टायमर लावले असतील तर यूजर-इव्हेंट या क्लिक-टायपिंगची नक्कल करणाऱ्या लायब्ररीच्या सेटअपला अ‍ॅडव्हान्स-टायमर्स द्यायला विसरू नका. आवृत्ती १४ मध्ये दोन कृतींच्या मध्ये ती टायमरने थांबते. घड्याळ गोठलेलं असेल तर क्लिक पुढे सरकतच नाही आणि टेस्ट ५ सेकंदांनी दमून पडते.

उभी_रेघ

आता सगळ्यात फसवा प्रकार. प्रोव्हायडर दिला आहे, व्हॅल्यू बरोबर आहे, तरी हुक म्हणतो की प्रोव्हायडरच नाही.

कॉन्टेक्स्ट ओळखला जातो तो ऑब्जेक्टच्या ओळखीवरून, नावावरून नाही. क्रिएट-कॉन्टेक्स्टची ओळ दोनदा चालली की दोन निराळे कॉन्टेक्स्ट तयार होतात. प्रोव्हायडर एकाचा, हुक दुसऱ्याचा वाचतो. मोनोरेपोमध्ये (एकाच रेपोत अनेक पॅकेजेस) हे हमखास घडतं: टेस्ट सेशन पॅकेज सोर्स फोल्डरमधून घेते, आणि दुसरं पॅकेज तेच बिल्ड झालेल्या डिस्ट फोल्डरमधून. दोन्ही फाइली वेगळ्या, म्हणून मॉड्यूल दोनदा चालतं. रीसेट-मॉड्यूल्स केल्यावर मधेच डायनॅमिक इंपोर्ट केला तरी हेच.

तपासायची पद्धत: टेस्टमध्ये दोन्ही वाटांनी कॉन्टेक्स्ट इंपोर्ट करा आणि एक टू-बी दुसरा असं एक्स्पेक्ट लावा. पडलं की रिक्वायर-रिझॉल्व्हने दोन्हींचे पूर्ण पत्ते छापा. पत्ते समोर आले की गोंधळ कुठे आहे ते कळतं. मग मॉड्यूल-नेम-मॅपरमध्ये पॅकेजचं नाव एकाच जागी वळवा. अशीच दोन वेळा रिअ‍ॅक्टची प्रत आली असेल तर "इनव्हॅलिड हुक कॉल" येतो, त्याचाही उपाय हाच.

व्ह्यूकर

व्ह्यू या दुसऱ्या वेब लायब्ररीबद्दलही लिहितो, प्रश्न तोच आहे. व्ह्यू टेस्ट यूटिल्समध्ये माउंटच्या ग्लोबल पर्यायात प्रोव्हाइड द्यायचं. किल्ली सिम्बॉल असेल तर ती चौकटी कंसात लिहा आणि मूळ फाइलमधूनच इंपोर्ट करा. टेस्टमध्ये त्याच नावाचा नवा सिम्बॉल केला तर तो वेगळाच असतो आणि "इंजेक्शन सापडलं नाही" असा इशारा येतो. वर उभी_रेघ यांनी सांगितलेली ओळखीची गोष्ट ही हीच. मूळ प्रोव्हायडर रेफ देत असेल तर टेस्टमध्येही रेफच द्या. साधी स्ट्रिंग दिली तर बदलाची टेस्ट लिहिताच येणार नाही.

पिनिया (व्ह्यूचा स्टेट सांभाळणारी लायब्ररी) वापरत असाल तर क्रिएट-टेस्टिंग-पिनिया अ‍ॅक्शन मुळातच स्टब करतो (खोट्या, रिकाम्या फंक्शनने बदलतो). बटण दाबलं, अ‍ॅक्शनला हाक गेली, पण स्टेट बदलला नाही, म्हणून टेस्ट पडली: हे त्याचं ठरलेलं लक्षण. अ‍ॅक्शन खरी चालायला हवी असेल तर स्टब-अ‍ॅक्शन्स फॉल्स. व्हायटेस्टमध्ये ग्लोबल्स बंद असतील तर क्रिएट-स्पायही द्यावा लागतो.

तळटीप

स्वेल्टवाल्यांसाठी दोनच ओळी: रेंडरला कॉन्टेक्स्ट म्हणून मॅप द्या, किल्ली आणि व्हॅल्यूची जोडी घालून. कॉन्टेक्स्ट दिला की प्रॉप्स थेट देता येत नाहीत, ते प्रॉप्स या किल्लीखाली ठेवावे लागतात.

अँग्युलरमध्ये कंपोनंटच्या स्वतःच्या प्रोव्हायडर्स यादीत सर्व्हिस असेल तर टेस्टबेडच्या प्रोव्हायडर्समध्ये दिलेली खोटी सर्व्हिस त्याला मिळत नाही, जवळची यादी जिंकते. क्रिएट-कंपोनंटच्या आधी ओव्हरराइड-कंपोनंट किंवा ओव्हरराइड-प्रोव्हायडर वापरा.

दीड_ओळ

शेवटचा प्रश्न. सगळं हिरवं आहे, पण "अपडेट अ‍ॅक्टमध्ये गुंडाळलेला नाही" हा इशारा प्रत्येक टेस्टला येतो. कंपोनंटमध्ये स्टेटच नाही. मग येतो कुठून?

आडवा_छेद

इशाऱ्यात कंपोनंटचं नाव असतं, ते वाचा. बहुतेक तिथे तुमच्या बटणाऐवजी रॅपरमधला एखादा प्रोव्हायडर सापडेल. तो इफेक्टमध्ये काहीतरी आणतो, तुमची टेस्ट एका गेट-बायवर लगेच संपते, आणि उत्तर नंतर येऊन स्टेट बदलतो. रेंडरच्या ओळीभोवती अ‍ॅक्ट लावून उपयोग नाही, रेंडर आधीच त्यात गुंडाळलेला असतो.

टेस्टला त्या प्रोव्हायडरशी घेणंदेणं नसेल तर त्याच्या जागी कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्टचा साधा प्रोव्हायडर तयार व्हॅल्यूसकट ठेवा, इशारा जाईल. घेणंदेणं असेल तर उत्तर आल्यावर पडद्यावर जे दिसतं त्याची फाइंड-बायने वाट बघा आणि मगच बाकीचं तपासा. भाषेच्या प्रोव्हायडरच्या बाबतीत तर भाषांतरं फाइलमधून मागवूच नका, टेस्टच्या इन्स्टन्सला रिसोर्सेस थेट द्या. इन्स्टन्सच दिला नाही तर रिअ‍ॅक्ट-आय-एटीन-नेक्स्ट किल्लीच परत करतो, आणि "काढून टाका" शोधणारी टेस्ट "कॉमेंट डॉट डिलीट" असं लिहिलेल्या बटणासमोर उभी राहते. स्क्रीन-डीबग केलंत की ते लगेच दिसेल.

दीड_ओळ

सापडलं, सूचनांचा प्रोव्हायडर होता. न वाचलेल्यांची संख्या चढतानाच मागवत होता. त्याचा कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट केला, टेस्ट-यूटिल्समध्ये शून्य ही व्हॅल्यू दिली आणि इशारे थांबले. सूचनांच्या प्रोव्हायडरची टेस्ट वेगळ्या फाइलमध्ये हलवली आहे.